शुद्ध रक्ताचा ड्रमर

आयर्लंडमधल्या आमच्या लेटरकेनीच्या घरात मिक्सरची भांडी आपोआप वाजायची. मागच्या अंगणातल्या शेडमध्ये ईशान दोन्ही पायांनी बेस ड्रम हाणायला लागला की स्वयंपाकघरातल्या प्रेसचं दार थरथरायचं (कपाटाला तिकडे प्रेस म्हणतात, आमच्याही तोंडी तोच शब्द बसला होता), आतली भांडी एकमेकांवर आपटायची, आणि दिवसभर ऑपरेशनं करून आलेली आई सोफ्यावर आडवी पडल्यापडल्या म्हणायची, "सुरू झाली आमची बोअरिंगची गाडी. पाणी लागलं की सांगा." बाबा फोडणी करत असायचे. आमच्याकडे आठवड्यातले बहुतेक दिवस स्वयंपाक त्यांचाच. मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात ते क्वालिटीचं काम करायचे, त्यामुळे मोहरीसुद्धा तपासून घेतल्यासारखी तडतडायची. झारा हातात धरून ते कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "पण लय बघ. एक मात्रा इकडची तिकडे होत नाही." खिडकीच्या काचेवर वाफ, बाहेर आडवा पाऊस, पंख्याला न जुमानता घरभर पसरलेला हिंगाचा वास, आणि त्या सगळ्याखाली जमिनीतून वर येणारा तो धडधडाट. माझं घर म्हटलं की मला अजूनही हेच ऐकू येतं.

आत्मकथन लिहायचं माझं वय नाही, असं लोक सांगतात. बरोबर आहे. मी अजून तिशीलाही पोचलेली नाही. पण मी पत्रकं लिहिणारी बाई आहे आणि पत्रकाचा पहिला नियम असा की बातमी थंड व्हायच्या आत वाटायची. हे प्रकरण मी आधीच खूप उशिरा लिहिते आहे. आणखी थांबले तर मला शांतपणे लिहिता येईल, आणि ते मला नको आहे.

ईशान माझा धाकटा भाऊ. पुण्याहून निघालो तेव्हा तो कडेवर होता. मराठी त्याला सगळी समजायची, पण उत्तर यायचं डोनेगलच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, इंग्रजीत. "ईशान, ताट घे" म्हटलं की "आय विल, यह" असं खालच्या सुरात म्हणून तो ताट घ्यायचा. बोलण्यात एवढा कंजूस मुलगा वाजवायला बसला की बदलायचा. सुरुवात ढोलावर झाली. दरवर्षी गणपतीत आम्ही गाडी काढून डब्लिनला जायचो. तिथल्या मराठी लोकांनी एका शाळेचा हॉल घेतलेला असायचा आणि पार्किंगमध्ये ढोलताशा. पथकातल्या एका काकांनी त्याच्या कमरेला ढोल बांधला, तो जवळजवळ त्याच्याच उंचीचा होता. परत येताना गाडीत त्याच्या तळहाताला फोड होते आणि तो आईच्या सीटच्या पाठीवर बोटांनी भजनी ठेका वाजवत होता, घर येईपर्यंत. त्यातूनच पुढे ड्रमसेट आला आणि शेडमधली माती काढून बाबांनी तिथे जुने गालिचे ठोकले.

आता मेटलबद्दल, म्हणजे ईशान वाजवायचा त्या कानठळ्या बसवणाऱ्या रॉकबद्दल. मला मेटल आवडतं. हे आधी सांगते, कारण या विषयावर बोलायला लागलं की समोरचा माणूस मला कीर्तनाला आलेली मावशी समजतो. ईशानच्या कानात पहिला हेडफोन मी घातला. कवट्या, बोकड, उलटे क्रॉस, रक्ताने माखलेले अंगरखे यांचं मला कधी काही वाटलं नाही. ते नाटक आहे, आणि नाटकात राक्षस लागतो. देवाला शिव्या देणारा बँड कार्यक्रम संपल्यावर चिप्स खात बसलेला मी पाहिला आहे, फार सज्जन मुलं. माझं भांडण त्या नाटकाच्या आडून खरी माणसं हाकलायला निघालेल्यांशी आहे. बोकडाच्या शेजारी हळूच एखादं चिन्ह येतं. मग मुलाखतीत 'आमची माती' आणि 'आमचं रक्त' येतं. कोणी विचारलं तर उत्तर तयार असतं, ही कला आहे, कलेला राजकारण नसतं. मग टी-शर्ट विकून आलेले पैसे मोर्च्यांच्या ध्वनिक्षेपकाला जातात. हे सगळं मला शिवॉनने शिकवलं. मी डब्लिनला शिकायला गेले तेव्हा सँट्रीतल्या फ्लॅटमध्ये ती माझ्याबरोबर राहायची. डोक्यावरून विमानं जायची आणि ती खिडकीत बसून बिल्ले लावलेलं जाकीट घालून पत्रकांच्या घड्या घालायची. लहानपणापासून मेटलवेडी. ती म्हणायची, घर माझं आहे, तर घाण काढायचं कामही माझं. पत्रक कसं लिहायचं हेही तिनेच सांगितलं. पहिल्या वाक्याला बसस्टॉपवरचा माणूस थांबला पाहिजे, दुसऱ्याला त्याची बस चुकली पाहिजे.

मी डब्लिनमध्ये लोकांच्या बसेस चुकवत होते आणि इकडे शेडमध्ये ओरन आला होता.

ओरन लाकडाच्या वखारीत काम करायचा. ईशानपेक्षा मोठा, चोविशीचा असेल. उंच, शांत, लांब केसांची नीट वेणी घातलेला. बँड त्याचा, गाणी त्याची, गळाही त्याचाच. ईशानला त्याने शाळेच्या कार्यक्रमात ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी घरी विचारायला आला. आईला तो फार आवडला, कारण न सांगता दाराशी बूट काढणारा तो आमच्या घरी आलेला पहिला आयरिश माणूस होता. शिवाय येताना त्याच्या मामाने पाळलेल्या मधमाश्यांचा मध घेऊन आला. ईशानला त्याने बिनबाह्यांचं एक डेनिमचं जाकीट दिलं आणि कापडी बिल्ल्यांचा गठ्ठा. मेटलवाल्यांमध्ये असं जाकीट भरत जाण्याची पद्धत आहे. ते बिल्ले शिवायला बसली आमची आई. सर्जन बाई, सुट्टीच्या दिवशी चष्मा लावून, दिव्याखाली जाकीट पसरून. "इतके बारीक टाके मी माणसांनासुद्धा घालत नाही," असं तिने मला फोनवर अभिमानाने सांगितलं. मी ख्रिसमसला घरी गेले तेव्हा ते जाकीट खुर्चीच्या पाठीवर टांगलेलं होतं. मधोमध पाठीवर बारा वाकड्या आऱ्यांचं काळं चक्र.

मी आईला विचारलं, हे काय आहे माहीत आहे का. ती म्हणाली, रांगोळीसारखं दिसतं, छान आहे. मग मी तिला सांगितलं ते कोणी काढलं, कुठल्या वाड्याच्या फरशीवर, नाझी गणवेषातल्या कुठल्या लोकांसाठी, आणि आज ते कोण छातीवर गोंदवून घेतं. तिने चहा बाजूला ठेवला, कात्री आणली आणि एकेक टाका उसवला. संध्याकाळी ईशानने ते चक्र कचऱ्याच्या डब्यातून काढून सेफ्टी पिनांनी परत लावलं. आमच्या घरात भांडण असं व्हायचं, वस्तूंमधून.

त्याच सुट्टीत बाबांनी ओरनला जेवायला बोलावलं. मसालेभात, अळूवड्या, ग्रीक दह्याचं श्रीखंड. बाबा दोन दिवस तयारी करत होते. तेव्हा मला त्यांचा राग आला होता, अजूनही आहे, पण एक गोष्ट मी आज लिहून ठेवते. त्या कारखान्यात इतकी वर्षं काढूनही त्यांना हवामान आणि 'तुमचं जेवण फार तिखट असतं ना' यापलीकडे कोणी काही विचारलं नव्हतं. त्यांच्या नावाची दोन अक्षरं ठेवून बाकीचं लोकांनी टाकून दिलं होतं. आणि हा मुलगा हाताने भात कालवत म्हणाला, ईशान सांगतो की तुम्हाला तुमचे पूर्वज पार मागेपर्यंत माहीत आहेत, ते कसं?

बाबा जेवता जेवता उठले. हात धुतला आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून आमचा कुलवृत्तांत काढून आणला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, आमच्यासारख्या घरांत असा एक जाडजूड ग्रंथ असतो. मूळ पुरुषापासून आजपर्यंत कोण कोणाचा मुलगा, कोणाचं गोत्र काय, कोण कुठे गेला. सामान वजनात बसत नव्हतं तेव्हा आईने माझी खेळणी मागे ठेवली, पण तो आला. बाबांनी त्यातून बोट फिरवत आमची ओळ दाखवली. तिसऱ्या भागातल्या एका पणजोबांपासून ईशानपर्यंत. मग ते पाठीचा कणा ताठ करून इंग्रजीत म्हणाले, इतक्या पिढ्यांत बाहेर एकही लग्न नाही. "नॉट वन."

ओरनने हातातला घास खाली ठेवला. तो खरोखर हलला होता, खोटं बोलत नव्हता, आणि मला त्याचीच भीती वाटली. म्हणाला, आमचं हे सगळं गेलं, तुम्ही मात्र जपलंत. मूळचे आर्य तुम्हीच. इथे आता जे येताहेत त्यांना कसलं मूळ आहे? बाबांचा चेहरा असा उजळला, तसा मी तो आधी फक्त आईच्या पदव्या भिंतीवर लावताना पाहिला होता.

मी म्हणाले, "बाबा, ज्यांनी बाहेर लग्न केलं त्यांची नावं यातून गाळतात, हेही सांगा ना त्याला. वसूआत्या कुठे आहे यात?"

"मानसी," बाबा म्हणाले, "त्याला श्रीखंड वाढ."

आईने इंग्रजीत विचारलं की माझ्या वॉर्डात एक नायजेरियन डॉक्टर आहे, त्याचं काय. ओरन हसून म्हणाला, तो माणूस ग्रँडच असेल, म्हणजे चांगलाच, त्याच्याबद्दल नाही बोलत मी. तो गेल्यावर भांडी लावताना आई बाबांकडे न बघता म्हणाली, "मी आयुष्यभर लोकांना रक्त चढवलंय. पिशवीवर गट असतो. गोत्र छापलेलं अजून पाहिलं नाही." बाबा म्हणाले, तुम्हा दोघींना कोणी कौतुक केलेलं सोसत नाही. आणि ईशान टेबलाशी उभा राहून कुलवृत्तांतातलं स्वतःचं नाव बघत होता. त्या पुस्तकाला त्याआधी त्याने कधी हात लावलेला नव्हता.

मी इतके दिवस चुकीच्या माणसाशी भांडत होते, असं मला त्या रात्री वाटलं. ओरनने पेरलं असेल, पण जमीन आमच्या घरची होती, नांगरलेली.

पुढच्या वसंतात त्यांची कॅसेट निघाली. असे बँड अजून कॅसेटी काढतात, मोजक्या, आणि त्या लगेच संपतात. शिवॉनने एक मिळवली. मेटलच्या गुरगुरण्यात शब्द सापडायला कान तयार व्हावा लागतो. माझा अर्धा आहे, तिचा पूर्ण. सँट्रीच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी जमिनीवर बसलो, ती डोळे मिटून एकेक ओळ सांगत होती. शेवटच्या गाण्यात एका हॉटेलचं वर्णन होतं. समुद्राकाठचं, बंद पडलेलं, निर्वासितांना ठेवायचं ठरलेलं. आमच्याच भागातल्या अशा एका हॉटेलला मागच्या हिवाळ्यात कोणीतरी आग लावली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. गाण्यात ती आग म्हणजे सण होता. धृपदात पुढच्या खेपेला खोल्या भरेपर्यंत थांबा असं म्हटलं होतं. शिवॉनने टेप थांबवला. मी म्हणाले, परत लाव. मला शब्दांखालचं काहीतरी ऐकू आलं होतं. त्या धृपदाखाली भजनी ठेका होता. डब्लिनच्या पार्किंगमधला, सीटच्या पाठीवरचा, हुबेहूब. नंतर मी एका वेबसाइटवर त्या गाण्याचं परीक्षण वाचलं. लिहिणाऱ्याने त्याला प्राचीन केल्टिक रणवाद्याचा ठोका म्हटलं होतं.

मी बस पकडून घरी गेले. शेडमध्ये ईशान खोगीर घालावं तसं टॉवेल घालून ड्रमचे आवाज दाबत होता, शेजारच्या म्हाताऱ्या बाईला त्रास होऊ नये म्हणून. असा मुलगा होता तो. मी विचारलं, शब्द माहीत आहेत का तुला. तो म्हणाला, शब्द कोणी ऐकत नाही, ताई. मी ते त्याला वाचून दाखवले. तो इंग्रजीत म्हणाला की ही सगळी प्रतिमा आहे, मेटलमध्ये सगळेच अंधारातलं काहीतरी करतात, बोकड चालतो तुला आणि हे चालत नाही. मी म्हणाले, बोकड कुठल्या हॉटेलात राहत नाही. तो काठी बोटांवर फिरवायला लागला. मी त्याला विचारलं, तुला हे खरंच पटतं का.

"शाळेत मला काय म्हणायचे तुला माहिती आहे. तू डब्लिनला गेलीस, तुला तुझी माणसं मिळाली," तो म्हणाला. "ओरनने मला एकदाही काही म्हटलं नाही. आणि तोंडाला तो पांढरा रंग लावला ना, ताई, की मला कोणी विचारत नाही, मूळचा कुठला."

त्या रंगाला मढ्याचा रंग म्हणतात. चेहरा पांढराफटक, डोळ्यांभोवती काळं. हातांना कोपरापर्यंत काळे मोजे घालायची कल्पना ओरनची होती. मी ईशानला म्हणाले, तो तुला लपवतोय. तो म्हणाला, मीच लपतोय, मला बरं वाटतं.

मग कळलं की उन्हाळ्यात स्लायगोला कार्यक्रम आहे आणि बाहेरच्या देशातून एका रेकॉर्ड कंपनीचे दोघे ऐकायला येणार आहेत. त्यांना आवडलं तर बँड सगळा युरोप फिरणार. ईशानची शाळेची शेवटची परीक्षा तोवर संपणार होती, कॉलेजात जागा मिळण्यासारखी होती, आणि तो म्हणत होता की कॉलेज थांबेल. म्हणजे स्लायगोला थांबवलं नाही तर तो त्यांच्या गाडीत बसून जाणार. एवढं सरळ होतं. तिथून पुढचे आठवडे मी झोपले कधी मला आठवत नाही. शिवॉनने कार्यक्रमाच्या जागेच्या मालकाला फोन केला. तो म्हणाला, पोरांचा गोंगाट आहे, तिकिटं गेली आहेत. आईने ईशानशी बोलायचा प्रयत्न केला, हॉस्पिटलात भाजलेली माणसं कशी दिसतात ते सांगितलं. तो ऐकून घ्यायचा, ताट उचलायचा, शेडमध्ये जायचा. तिने उसवलेलं चक्र त्याने आधीच पिनांनी परत लावलं होतं.

राहिले बाबा. मी त्यांना म्हणाले, तुमचंच ऐकेल तो. त्या दिवशी टेबलावर जे बोललात ते खोटं आहे एवढं एक वाक्य त्याला जाऊन सांगा. शुद्ध रक्त नावाची वस्तू नसते, आमच्या घराण्यातही नव्हती, ओरनला आवडावं म्हणून बोललो. बाबा कांदा चिरत होते. ते म्हणाले, मी खोटं काय बोललो? जे छापलंय ते सांगितलं.

"बाबा, ते आपल्याला हाकलायची गाणी म्हणताहेत."

"आपल्याला नाही गं," ते अगदी समजुतीने म्हणाले. "ते बोटीतून येणाऱ्यांबद्दल आहे. आपण व्हिसावर आलो, टॅक्स भरतो, तुझी आई यांची पोटं शिवते. ओरनला कळतो तो फरक. त्यानेच सांगितलं ना."

मी ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही. ते शेवटपर्यंत कांदा बारीक, एकसारखा चिरत राहिले. हा फरक आपल्याला कळतो म्हणजे दगड मारणाऱ्यालाही कळत असेल, ही आमच्या लोकांची खास चूक आहे. दुसरं कोणी ती इतक्या आत्मविश्वासाने करत नसेल. घराण्याचं पुस्तक हे पासपोर्टसारखं कुठेही दाखवता येतं असं आम्हाला वाटतं.

पत्रक मी लिहिलं. पहिलं वाक्य होतं: या गाण्यात जळतं ते हॉटेल खरं आहे. ड्रमरचा उल्लेख गाळूया का, असं शिवॉनने हळूच विचारलं. मी कोणाचंच नाव घातलं नव्हतं, फक्त बँडचं, आणि 'ड्रमर' एवढा एक शब्द होता. ते तसंच राहू दे म्हणाले. ते लिहिल्याचा मला पश्चात्ताप नाही, परत लिहीन.

स्लायगोला मी, शिवॉन आणि तिच्या दोन मैत्रिणी अशा चौघी फुटपाथवर उभ्या होतो. समोर हॉलचं मागचं दार. दारावर जाड मानेचा एक माणूस. येणारी बरीचशी मुलं पत्रक घेत होती, काही वाचतही होती. एक मुलगी वाचून आमच्याशेजारी येऊन उभी राहिली, तिने स्वतःचं तिकीट फाडलं. पण दोनतीन टोळकी अशी आली की त्यांनी पत्रकं चुरगाळून आमच्या पायाशी टाकली, आणि चौघींत सावळी मी एकटी, तेव्हा 'घरी जा' हे फक्त मला. त्याची सवय होती. मी शोधत होते ती ईशानला. तो येताना दिसला तर त्याचा हात धरायचा, रस्त्यावर बसायचं, रडायचं, काय वाटेल ते करायचं असं ठरवलं होतं. तेवढ्यात कोपऱ्यावरून बाबांची गाडी आली.

ओरनची व्हॅन सकाळी बंद पडली होती. बाबांनी आपण होऊन म्हटलं होतं, मी आणतो ड्रम, मोठी गाडी आहे. इस्त्रीचा शर्ट घातला होता त्यांनी. ईशान आधीच दुसऱ्यांबरोबर येऊन आत रंग लावत होता, त्याचा हात धरायचा माझा बेत तिथेच संपला. बाबांनी मला पाहिलं, मान हलवली आणि डिकी उघडली. एकेक ड्रम उचलून ते दारापर्यंत नेऊन ठेवत होते आणि आतलं कोणीतरी ते ओढून घेत होतं. शेवटी राहिलं ईशानचं बसायचं गोल स्टूल. ते छातीशी धरून बाबा आतच जायला निघाले. कार्यक्रम बघायला आले होते ना ते. जाड मानेच्या माणसाने हात आडवा घातला. माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, त्यांच्यातला का तू?

"नाही, नाही," बाबा घाईने म्हणाले. "मी ड्रमरचा बाप आहे."

तो माणूस हसला. म्हणाला, ड्रमर आमचा डोनेगलचा आहे. आणि आत वळून त्याने ओरनला हाक मारली. ओरन दारात आला, पूर्ण रंग लावलेला, पण वेणीवरून ओळखू यायचा. त्याच्यामागे बाहेरच्या कंपनीचे ते दोघे उभे होते, आणि त्यांच्याही मागे काळे मोजे घातलेला माझा भाऊ. मी रस्ता ओलांडून जवळ आले होते, मला सगळं दिसत होतं. ओरनने बाबांकडे पाहिलं, मग त्या दोघांकडे पाहिलं. आमच्या टेबलावर दोनदा श्रीखंड घेतलेला मुलगा. तो जाड मानेच्या माणसाला म्हणाला, "ही'ज ग्रँड. युअर मॅन फक्त सामान सोडायला आलाय." युअर मॅन म्हणजे तिकडे नाव न घेता 'तो कोण तो'.

बाबा ओरनकडे बघत नव्हते. ते त्याच्या खांद्यावरून ईशानकडे बघत होते. ते स्टूल धरून उभे राहिले, आणि मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी एका शब्दावर त्यांचं सगळं अवलंबून होतं. त्याने फक्त 'बाबा' म्हणायचं होतं. मी मनातल्या मनात ते त्याला सांगत होते, म्हण, म्हण. ईशान पुढे आला. दोघांच्या मधून हात घालून त्याने स्टूल घेतलं. पांढऱ्या रंगात त्याचा चेहरा कोणाचाही असू शकला असता. आयर्लंडमध्ये बसमधून उतरताना लोक ड्रायव्हरला म्हणतात, अगदी त्याच सुरात, तो म्हणाला, "थँक्स अ मिलियन."

दार बंद झालं.

तो त्यांच्याबरोबर गेला. त्या आठवड्यातच. आता कुठल्याशा थंड देशात असतो, दुसऱ्या एका बँडमध्ये, तसल्याच. आईच्या वाढदिवसाला फोन करतो. आई त्याला जेवलास का विचारते आणि तो "आय डिड, यह" म्हणतो. मी अजूनही अशा कार्यक्रमांबाहेर उभी राहते. प्रत्येक वेळी ड्रमरकडे पाहते, तो कोणीही असला तरी. मी कोणाचं मन बदललं याचा हिशेब मला देता येणार नाही. त्या मुलीने तिकीट फाडलं, एवढं मला नक्की माहीत आहे.

त्या दिवशी मी शिवॉनला सांगून बाबांच्या गाडीत बसले. त्यांनी सीटबेल्ट लावला, आरसा नीट केला, गाडी सुरू केली नाही. आतून पहिलं गाणं सुरू झाल्याचं ऐकू येत होतं. समोर टोपी घातलेली पोरं भिंतीशी उभी राहून सिगारेट ओढत होती. बाबांच्या शर्टाला स्टुलाची धूळ लागली होती, ती त्यांनी झटकली, परत झटकली. मला वाटलं आता ते बोलतील, ते वाक्य, जे मी स्वयंपाकघरात मागितलं होतं. मग ते म्हणाले, "ओळखलं नसेल गं त्याने. अंधार होता ना."

कोणाबद्दल बोलताहेत, ओरनबद्दल की ईशानबद्दल, ते मी विचारलं नाही. जूनची अखेर होती, स्लायगोला संध्याकाळचं ऊन तिरपं होऊन थेट त्या दारावर पडलं होतं आणि आम्हा दोघांनाही डोळे बारीक करून बघावं लागत होतं.

मी म्हणाले, "हो बाबा." त्यांनी गाडी सुरू केली.